भिलाईचा चोर आणि तीन मिनिटांची तबकडी

नाट्यसंगीताची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकायची म्हटली, की मराठी रसिकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणाचे सरस? बालगंधर्वांचे की मास्टर दीनानाथांचे, छोटा गंधर्वांचे की राम मराठ्यांचे, वसंतराव देशपांड्यांचे की त्यांच्या मागून आलेल्या कुणाचे? वाद रंगतो, हरकतींची आणि तानांची उजळणी होते, पण ते पद कोणत्या अंकात, कोणत्या पात्राने, कोणाला उद्देशून म्हटले आहे याचा उल्लेखही होत नाही. ऐकण्याची ही रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की नाट्यसंगीताची तुलना दुसऱ्या कशाच्या आधारे होऊ शकते हेच सुचत नाही. माझे म्हणणे असे, की ही रीत आपल्याला नाटकाने शिकवलेली नाही. ती तबकडीने शिकवली. नाटकातल्या गाण्याची दोन रूपे तपासायची तर आधी विचारायला हवे ते हे, की गाणे कोणासमोर म्हटले जात होते आणि त्या ऐकणाऱ्याचे पुढे काय झाले. हे पटवायला मराठी रंगभूमीच्या बाहेरचे, पण फार लांबचे नसलेले एक उदाहरण सोयीचे आहे. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्गला लागून असलेल्या भिलाईत १९७४ साली एक नाटक उघड्या मैदानावर आकाराला आले. ‘चरणदास चोर’ या नावाने ते पुढे जगभर गेले.

आधी आपल्या घरचा इतिहास पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. या नाटकांत पद म्हणजे संवादाचीच पुढची पायरी होती. साकी, दिंडी, कामदा या चाली प्रेक्षकाला कीर्तनातून आणि घरातल्या आर्यांतून आधीच ठाऊक होत्या. पात्र बोलता बोलता गाऊ लागे आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येई. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांच्या हातून रागदारी आणखी मोकळेपणाने आत आली. पद लांबत गेले, वन्समोअर वाढत गेले आणि रात्री सुरू झालेला प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालू लागला. याच काळात ग्रामोफोनही घरोघर शिरत होता. त्याच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येईपर्यंत तर गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. भरल्या नाट्यगृहातला प्रयोग टिपण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’, ज्यात केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी, आज फक्त वर्णनांतून कळतो. मराठी संगीत रंगभूमीची ही सर्वांत गाजलेली रात्र. तिचा आवाज मात्र कुठेच साठलेला नाही.

तबकडीने नेमके काय गाळले, हे ‘मानापमाना’तच नीट दिसते. भामिनी ही धनिकाची मुलगी. गरीब सैनिक म्हणून ती धैर्यधराला हिणवते आणि मग वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेषात त्याच्याजवळ वावरते. वनमाला गाते तेव्हा समोरच्या धैर्यधराला ती कोण ते ठाऊक नसते, प्रेक्षकाला असते. त्या पदातली गंमत, त्यातला ताण, शब्दांवरचा प्रत्येक जोर या एका गोष्टीवर उभा आहे. एकाने फसायचे, दुसऱ्याने ते पाहायचे आणि गाणाऱ्याने दोघांनाही सांभाळायचे. तबकडीवर यातला धैर्यधर नसतो, त्याला पाहणारा प्रेक्षकही नसतो. उरते काय? वाद्यांचे चार सूर, मुखडा, अंतरा, दोन-तीन हरकती, एखादी तान आणि पुन्हा मुखड्यावर येऊन मिटलेले गाणे. अशा तुकड्यात ऐकणाऱ्याला धरून ठेवणारे गळ्याखेरीज दुसरे काही राहिलेलेच नसते, तेव्हा तुलना गळ्यांची झाली यात नवल नाही. दीनानाथांनी धैर्यधराची पदे आपल्या आक्रमक, पंजाबी वळणाच्या गायकीने पार निराळ्या अंगाने मांडली. त्यामुळे धैर्यधर हा माणूस कसा बदलला, त्याचा स्वाभिमान अधिक तापट झाला की अधिक ताठ, हा खरा नाटकाचा प्रश्न होता. तो प्रश्न मागे पडला आणि तानेची फेक तेवढी चर्चेत राहिली.

आता भिलाईकडे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. तोवर दुर्ग जिल्ह्यातले एक साधे गाव असलेल्या भिलाईत देशभरातून माणसे येऊन वसली. त्यांत जवळच्या विदर्भातली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ पर्यंत दुर्गचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चाले. कारखान्याच्या वसाहतीभोवती जी खेडी होती तिथे रात्र रात्र नाचा चाले. नाचा म्हणजे छत्तीसगढचा तमाशाच म्हणता येईल असा खेळ: नकला, चिमटे काढणारे प्रसंग, मध्ये मध्ये गाणी, आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुष. जुन्या काळी वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्याने वाजवत, त्याला ‘खडे साज’ म्हणत. राजनांदगावकडच्या दाऊ मंदराजींनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या रवेली गावच्या पार्टीत बैठक आणि हार्मोनियम आणून त्याला नवे वळण दिले. या पार्ट्यांतल्या नटांनाच रायपूरचे हबीब तन्वीर दिल्लीला घेऊन गेले. लंडनला नाट्यशिक्षण आणि बर्लिनला ब्रेख्तच्या संस्थेचे प्रयोग पाहून ते परतले आणि १९५८ च्या ‘मिट्टी की गाडी’त त्यांनी नाचाचे सहा नट उभे केले. पुढच्या वर्षी ‘नया थिएटर’ निघाले. मात्र या नटांना खडी हिंदी बोलायला लावणे आणि रंगमंचावरच्या ठरावीक जागी उभे करणे ही चूक आहे, हे उमगायला त्यांना आणखी दशकभर लागले, असे तन्वीरांनीच पुढे सांगितले आहे. १९७३ च्या रायपूरमधल्या नाचा कार्यशाळेपासून त्यांनी नटांना त्यांच्या छत्तीसगढी बोलीत मोकळे सोडले. भिलाईची कार्यशाळा त्यानंतरची.

या कार्यशाळेत हाताशी एक गोष्ट होती. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांनी सांगितलेली लोककथा: एक चोर गुरूपुढे थट्टेत चार वचने देतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. अशी वेळ येणारच कशाला, हा त्याचा हिशेब. गुरू पाचवे वचन मागून घेतो: खोटे बोलायचे नाही. मग एकेक वेळ येतेच, चोर वचनाला जागतो आणि शेवटी राणीच्या हुकमाने जिवाला मुकतो. तन्वीरांच्या आठवणींनुसार, कार्यशाळेच्या अखेरीस भिलाईच्या मैदानावर सतनामी समाजाचा मेळा भरला होता. गुरू घासीदासांच्या मागे जाणारा, सत्य हाच ईश्वर मानणारा, जातीच्या उतरंडीत तळाशी ढकलला गेलेला हा समाज. रात्रभर पंथी नाच चालू असताना तन्वीरांनी आपला अर्धाकच्चा, तासाभराहून कमी लांबीचा ‘चोर चोर’ तिथे उभा केला. सत्यासाठी मरणारा चोर आणि सत्यालाच देव मानणारा प्रेक्षक समोरासमोर आले. नायकाला अमरदास म्हणावे असे आधी मनात होते, पण ते नाव सतनामींच्या एका गुरूचे असल्याने ते गळाले आणि चरणदास आला, असेही तन्वीर सांगत. म्हणजे नाटकाचे शीर्षकसुद्धा प्रेक्षकाच्या सल्ल्याने ठरले. आणि पंथी गाणी नाटकात गेली, ती तिथून पुढे निघालीच नाहीत.

पंथी कसा असतो ते पाहिले म्हणजे याचे महत्त्व कळते. पांढरा झेंडा लावलेल्या जैतखाम नावाच्या खांबाभोवती किंवा मोकळ्या जागेत पुरुषांचा गोल होतो. मांदर आणि झांजा वाजतात. म्होरक्या एक ओळ टाकतो, गोल ती उचलतो. लय हळूहळू चढते, पायांतली घुंगरे शब्दांवर मात करू लागतात आणि अखेरीस अंगे इतक्या वेगात फिरतात की गाणे म्हणजे फक्त टेकायचा शब्द उरतो. अशा गाण्यात एकट्याने चमकायला जागाच नाही. म्होरक्याचा गळा गोड असला तर उत्तम, नसला तरी गोलाने ओळ उचलली की काम झाले. ‘चरणदास चोर’मधली स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम साखेत यांची गाणीही याच बेताची आहेत. ती बहुधा चरणदासाच्या तोंडी येत नाहीत. दोन प्रसंगांच्या मध्ये समूह ती म्हणतो, घडून गेलेल्यावर भाष्य करतो, पुढे येणाऱ्याची चाहूल देतो. साहजिकच नट बदलले म्हणून गाणे बदलत नाही. रंगमंचावर गोविंदराम निर्मलकर चरणदास होते, नंतर दीपक तिवारी झाले. राणी आधी फिदाबाई होत्या, पुढे दुसऱ्या नट्या आल्या. श्याम बेनेगलांनी १९७५ मध्ये बाल चित्रपट संस्थेसाठी केलेल्या चित्रपटात लालूराम चोर आणि स्मिता पाटील राजकन्या. नाटकाचे दिल्लीतले प्रयोगही त्याच वर्षीचे, १९८२ चा एडिंबराचा फ्रिंज पुरस्कार त्यानंतरचा. इतकी पात्रयोजना बदलूनही गाण्यांत कोणाचे सरस हा वाद कधी पेटला नाही, कारण तो पेटावा असे गाण्यात काही ठेवलेलेच नाही.

पण म्हणून सगळी रूपे सारखीच, असे मात्र नाही. फरक आहे, आणि तो मोठा आहे. तो ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे. भिलाईच्या मैदानावर पंथी सुरू झाला की प्रेक्षक स्वतःचेच गाणे ऐकत होता, म्हणून चोराच्या मरणाचा अर्थ त्याच्या श्रद्धेत लागत होता. दिल्लीत तेच गाणे ‘लोककला’ म्हणून ऐकले गेले, एडिंबरात अनोळखी भाषेतला जोम म्हणून. चित्रपटात तर गाणे कथा पुढे नेणाऱ्या निवेदकासारखे झाले, कारण समोर मुले होती आणि पडद्यासमोर गोल धरायला कोणी नव्हते. ओळ टाकली जाते. ती उचलणारा गोल पडद्याच्या चौकटीत असतो, चौकटीबाहेर नसतो. या रूपांची तुलना गळ्यावरून केली तर हाती काही लागत नाही. ऐकणाऱ्यावरून केली तर प्रत्येक रूप आपली हकीकत सांगू लागते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ‘चरणदास चोर’ हे संगीत नाटकच नव्हे, त्यात गाणी आहेत इतकेच. रागदारीचा कस लागणारे ‘स्वयंवर’ आणि समूहगायनाचे नाटक यांना एकच माप कसे लावायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाटतो तितका दूर जात नाही. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते; तिथे गाणे ही स्वतःच्या बळावर उभी असलेली कला होती, हे मान्यच. तरीही तिकीट काढून आलेला माणूस रुक्मिणीला ऐकायला आला होता आणि रुक्मिणीने कृष्णाला काय म्हटले हे त्याला कळत होते. शिवाय, १९६७ मध्ये नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या आणि जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने गाजलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’चा विषयच मुळी दोन घराण्यांची गायकी हा आहे. गाण्याची तुलना तिथे कथानकाच्या पोटात आहे. अशा नाटकातही खाँसाहेबांचे पद सुटे ऐकले तर एका हेकट, घायाळ माणसाने ते म्हटले आहे हे विसरले जाते. गायकी जितकी थोर, तितका हा विसर सोपा. माझे माप गायकीला नाकारत नाही. गायकी कशासाठी वापरली गेली होती, याची आठवण ते देते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तबकडी नसती तर बालगंधर्व आज कुठे असते? १९२१ च्या त्या रात्रीसारखे तेही ऐकीव झाले असते. भिलाईच्या ‘चोर चोर’चेच पाहा: त्या मैदानावरची रात्र आज आपल्याला आठवणींच्या आधारेच उभी करावी लागते. जे वाचले त्याला दोष देऊन जे गेले त्याची थोरवी गाण्यात काय हशील? याला माझे उत्तर एवढेच, की साधनाचे उपकार मानणे आणि साधनाच्या मर्यादेला कलेचा नियम समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तबकडीने गळा राखला, त्याबद्दल तिचे ऋण आहेच. तिच्यावर तीन मिनिटांत बसवलेले पद हेच पदाचे खरे रूप, असे आपण मानून चाललो, हे मात्र आपले कर्तृत्व. पुढच्या पिढ्यांतल्या कित्येक गायकांनी पद तबकडीवरून उचलले. हरकती जागच्या जागी, आणि प्रसंग बेपत्ता. अशा गायकांत आणि मूळ तबकडीत तुलना करणे म्हणजे छायाचित्राची त्याच्याच प्रतीशी तुलना करणे.

तिसरा आक्षेप माझ्या भिलाईच्या चित्रावरच आहे. समाजाचे गाणे, समाजाचे नाटक ही जरा जास्तच गोड कल्पना नाही का? नाटकाला आकार दिला तो लंडन-बर्लिन पाहिलेल्या एका दिग्दर्शकाने. गाणी लिहिली ती नावानिशी माहीत असलेल्या माणसांनी. शिवाय तन्वीर जूनमध्ये गेले आणि दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, सतनामी समाजातून आलेल्या आक्षेपानंतर छत्तीसगढ सरकारने याच नाटकाच्या पुस्तकावर बंदी आणली. समाजाचे चित्रण बदनामीकारक आहे असे म्हणणे होते. ज्यांच्या मांडवात नाटक जन्मले त्यांच्यातल्याच काहींना ते नकोसे झाले. ही घटना माझ्या मुद्द्याला छेद देते असे वरकरणी वाटेल. मला ती त्याचा पुरावा वाटते. एखाद्या गळ्याची तबकडी असती तर तिच्यावर कोणी हक्क सांगितला नसता. ऐकणाऱ्याचे गाणे नाटकात घेतले म्हणजे ऐकणारा भागीदार होतो, आणि भागीदार भांडतोही. बंदी चुकीचीच होती. पण या गाण्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला वगळून लावता येत नाही, हे तिने कटुपणे सिद्ध केले.

आणि छत्तीसगढ तबकडीपासून अस्पर्श राहिले, असा माझा दावा नाही. दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ उभे केले. खुमानलाल साव यांचे संगीत आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आकाशवाणीवरून घरोघर गेली आणि सुटी, नावाजलेली गाणी झाली. गंगाराम साखेत यांचे ‘चोला माटी के’ हे नया थिएटरचे गाणे २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’ चित्रपटात नगीन तन्वीर यांच्या आवाजात आले, आणि मग तेही एका आवाजाचे गाणे म्हणून ओळखले जाऊ लागले. यंत्र कुठेही तेच करते. एकाच जिल्ह्यात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, दोन्ही वाटा सुरू झाल्या. म्हणूनच भिलाईचे उदाहरण उपयोगी आहे: फरक मराठी आणि छत्तीसगढी असा नसून, गाणे प्रसंगासह ऐकले की प्रसंग सोडून ऐकले, असा आहे.

मग मराठी रसिकाने करायचे काय? जुन्या तबकड्या ऐकायच्याच, पण संहिता शेजारी उघडून. पद कोण म्हणते, समोर कोण आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे आधी पाहायचे. मग दोन गायकांनी त्याच प्रसंगातून वेगवेगळी माणसे कशी उभी केली ते ताडायचे. शब्द कुठे दाबला, तान शब्दाआधी घेतली की नंतर, मुखड्यावर परतताना पात्राचा राग उतरला की चढला, यांतून भूमिका ऐकू येते. दुसरी गोष्ट, जे आज चालू आहे ते पुरतेपणी राखायचे. वडसा-देसाईगंजच्या आसपास, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत, हिवाळ्यात रात्र रात्र गाण्यांची नाटके अजून होतात, आणि हा मुलूख राजनांदगाव-दुर्गच्या नाच्याला अगदी खेटून आहे. तिथली निवडक गाणी स्टुडिओत नेऊन स्वच्छ आवाजात भरून ठेवली, तर आपण १९२० सालची चूक चांगल्या यंत्रावर पुन्हा करू. आजच्या यंत्राला तीन मिनिटांची अट नाही. तेव्हा मुद्रण अख्ख्या रात्रीचे व्हायला हवे: संवाद, खोळंबे, वन्समोअर आणि मंडपातून आलेले टोमणे यांसकट. असे मुद्रण कानाला कमी गोड लागेल. पण पन्नास वर्षांनी कोणी दोन प्रयोगांची तुलना करायला बसला, तर त्याला निदान नाटकांची तुलना करता येईल.